घरच्या शाळेचा जमाखर्च

कोणत्याहि गोष्टीची स्तुति चालू असतां मध्येंच हिशेब मागणारा मनुष्य लोकांस आवडत नाहीं, हें आम्ही जाणून आहों. लग्नाच्या पंक्तींत खर्चाचा आंकडा विचारणाऱ्याकडे पाहावें तसें लोक त्याच्याकडे पाहतात. परंतु ज्या गोष्टीची स्तुति मुळीं स्वस्ताईकरितांच चालली आहे, तिचा हिशेब मागण्यास तरी कोणाची हरकत नसावी. अलीकडे आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून अमेरिकेंतील एका विशिष्ट प्रकारच्या संसाराविषयीं मोठ्या कौतुकानें बोललें जातें. आठ-दहा मुलें, मिळविता एकटा बाप, डोक्यावर कर्ज नाहीं, पाव घरीं भाजलेला, कपडे थोरल्याचे धाकट्यास उतरलेले, आणि शाळेंत एकहि मूल जात नाहीं, सगळीं स्वयंपाकघरांतील लांब मेजाभोंवतीं बसून आईपाशीं शिकतात. हें ऐकून वडील मंडळी 'आमच्या वेळीं असेंच होतें' म्हणून सुस्कारा टाकतात, आणि तरुण आईबाप 'आपल्यालाहि हें साधेल काय?' म्हणून विचार करूं लागतात. ह्या कौतुकांत आम्हांस सामील होतां येत नाहीं. त्या संसारांतील सद्गुण खोटे आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांचा जमाखर्च खोटा आहे, एवढेंच आमचें म्हणणें आहे. त्या वहींत एक मोठी रक्कम लिहावयाचीच राहून गेली आहे.

प्रथम ह्या चळवळीविषयीं जें न्याय्य तें बोलूं. ती कांहीं चार विक्षिप्त माणसांची लहर नव्हे. शाळा मुलांचें कुतूहल मारून टाकते, असें स्वतः शिक्षक असलेल्या जॉन होल्ट ह्यानें परोपरीनें सांगितलें व १९७७ सालीं 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हें नियतकालिक काढलें. पुढें धर्मनिष्ठ कुटुंबें निराळ्याच कारणांकरितां त्याच वाटेस लागलीं. १९९३ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासहि राज्यांत मुलांस घरीं शिकविणें कायदेशीर ठरलें. तेथील सरकारी गणतीप्रमाणें १९९९ सालीं अशीं मुलें साडेआठ लाख, म्हणजे शेंकडा १.७ होतीं, २०१२ सालीं तें प्रमाण शेंकडा ३.४ झालें. २०२० च्या महामारींत तर शाळेच्या वयाचीं मुलें असलेल्या कुटुंबांपैकीं घरीं शिकविणाऱ्यांचें प्रमाण वसंतांत शेंकडा ५.४ होतें तें शरदांत ११.१ वर गेलें. सरकारची देखरेख मात्र राज्याराज्यांत निराळी. न्यूयॉर्कांत दर तिमाहीस अहवाल द्यावा लागतो, पेनसिल्व्हानियांत वर्षअखेर पात्र परीक्षकाकडून मुलाचें काम तपासून घ्यावें लागतें, आणि टेक्ससमध्यें कोणास कळविण्याचीहि गरज नाहीं. घरीं शिकविणारीं सगळींच कुटुंबें मोठीं किंवा काटकसरी असतात असें नव्हे. परंतु कौतुक होतें तें मोठ्या व काटकसरी कुटुंबांचें, म्हणून आमचा प्रश्नहि त्यांच्यापुरताच आहे.

त्या घरांतील एक दिवस डोळ्यांपुढें आणावा. रात्रीं भिजत घातलेला घेवडा सकाळीं मोठ्या पातेल्यांत चढतो. न्याहारीस ओटची पेज, कारण खोक्यांतून मिळणाऱ्या तयार न्याहारीपेक्षां ती कितीतरी स्वस्त पडते. पीठ आणावयाचें तें पन्नास पौंडांचें पोतें. माळ्यावर कपड्यांच्या पेट्या मापाप्रमाणें चिठ्ठ्या लावून रचलेल्या. एक मूल वाढलें कीं एक पेटी खालीं येते व एक वर जाते. धुण्याचें यंत्र रोज दोन-तीनदां फिरतें. भिंतीवर कामांचा तक्ता: भांडीं कोणाकडे, कोंबड्या कोणाकडे, केर कोणाकडे. न्याहारी आटोपली कीं मेज पुसलें जातें आणि त्याचीच शाळा होते. इतिहास, गोष्टी, विज्ञान हें सर्वांस मिळून वाचून दाखवावयाचें. गणित व अक्षरओळख मात्र ज्याची त्याला निराळी. वाचावयाचीं पुस्तकें सार्वजनिक ग्रंथालयांतून पेटाऱ्यानें येतात. क्रमिक पुस्तकें जुनीं घेतलेलीं, थोरल्यानें पेन्सिलीनें लिहिलेलीं उत्तरें खोडून धाकट्याच्या हातीं दिलेलीं. कित्येक घरांतून एकेका मोठ्या मुलाकडे एकेक लहान मूल नेमून दिलेलें असतें. त्याचे केंस विंचरणें, त्याला भरविणें, त्याचें वाचन ऐकणें हें त्या मोठ्याचें काम. ह्या चित्रांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. टाकाऊ कांहीं नसलेलें घर आम्हांसहि आवडतें.

आतां हिशेब करूं. आठ मुलांपैकीं सहा शिकण्याच्या वयाचीं धरा. प्रत्येकास दिवसांतून अवघीं चाळीस मिनिटें आईनें एकट्यास द्यावयाचीं, एवढी माफक अपेक्षा ठेवा. सहा चाळीसें दोनशें चाळीस मिनिटें, म्हणजे चार तास झाले. आईबाप धरून दहा माणसें तीन वेळ जेवतात. दिवसास तीस ताटें, आठवड्यास दोनशें दहा. ह्या कामास किती वेळ लागतो त्याचा अंदाज आपल्याच देशांतून घेऊं. आपल्या सरकारनें २०१९ सालीं वेळाच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यांत दररोज सरासरी २९९ मिनिटें घालवितात, व जे पुरुष तें करतात ते ९७ मिनिटें, असें तींत आढळलें. म्हणजे बाईचे जवळजवळ पांच तास. आणि तीं घरें कांहीं सगळीं दहा माणसांचीं नव्हतीं. दहा माणसांच्या घरांत यंत्रें धरूनहि तें काम आठ तासांखालीं उरकेल असें आम्हांस वाटत नाहीं. चार आणि आठ बारा. अजून रांगणारें मूल कडेवर घेतलें नाहीं, तापानें फणफणलेल्याच्या उशाशीं बसणें झालें नाहीं, बाजार झाला नाहीं, आणि उद्यांचा धडा वाचून ठेवलेला नाहीं. सबब दोहोंपैकीं एक घडलेंच पाहिजे. एकतर मुलांचीं चाळीस मिनिटें दहावर येतात, नाहींतर आईच्या दोन हातांस आणखी दोन हात कोठून तरी मिळतात.

ते हात थोरल्या मुलीचे असतात. थोरला मुलगाहि राबतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्याच्या वांट्यास येणारें काम बहुधा संपणारें असतें. लांकूड फोडलें म्हणजे फुटलें. मूल सांभाळण्याचें काम संपत नाहीं. चौदा वर्षांची ती पोर एका हातानें धाकट्यास खेळवीत, दुसऱ्या हातानें मधल्याच्या वहीवर बोट ठेवून उभी असते. तिचें स्वतःचें बीजगणित रात्रीं सगळे निजल्यावर, झांकल्या डोळ्यांनीं व्हावयाचें. ज्या काटकसरीचें आपण कौतुक करतों तिच्यांत पैसा वांचतो खरा. पण तो आईच्या रात्रींतून आणि ह्या मुलीच्या पुस्तकांतून कापून काढलेला असतो.

मेन राज्यांतील लीड्स गांवच्या एमी डेसिझिन नांवाच्या बाईचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. सहा मुलांची ही आई. वर्षाच्या तीस हजार डॉलरांहून कमी सरासरी उत्पन्नांतून ह्या पतिपत्नींनीं सात वर्षांच्या आंत एकोणपन्नास हजार डॉलर शिल्लक टाकले. नंतर बाईनें १९९० पासून १९९६ पर्यंत काटकसरीच्या युक्त्यांचें 'टाइटवॉड गॅझेट' नांवाचें एक पत्रक चालविलें व तें खूप खपलें. आमच्या मतें ह्यांतील खरा धडा युक्त्यांचा नाहीं. जें ज्ञान व जे श्रम स्वयंपाकघरांत होते तोंवर त्यांस 'बचत' म्हणत होते, तेच छापून विकल्याबरोबर त्यांस 'उत्पन्न' म्हणूं लागले. श्रम तेच, बाई तीच; फरक एवढाच कीं दुसऱ्या वेळीं कोणी तरी किंमत दिली. मग पहिल्या वेळीं ते फुकट होते असें म्हणणाऱ्यास हिशेबनीस कसें म्हणावें?

बारा मुलांच्या गिल्ब्रेथ कुटुंबाचाहि दाखला पुष्कळदां दिला जातो. त्यांतील दोघां मुलांनीं १९४८ सालीं लिहिलेलें 'चीपर बाय द डझन' हें पुस्तक आमच्याहि पिढीनें आवडीनें वाचलें. बाप कामांतील हालचाली मोजणारा तज्ज्ञ, आणि घरांत सगळें घड्याळावर चाललेलें. पण दाखला देणारे दोन गोष्टी विसरतात. त्या घरांत स्वयंपाकीण होती आणि गडी होता. आणि तीं मुलें सार्वजनिक शाळेंत जात होतीं. १९२४ सालीं बाप वारल्यावर लिलियन गिल्ब्रेथ बाईंनीं अकरा मुलें वाढविलीं, आणि पुढें विद्यापीठांत प्राध्यापकाचें कामहि केलें. घरांत पगारी हात आणि मुलांस बाहेरची शाळा नसती, तर हें त्यांस जमलें असतें काय, ह्याचा विचार स्तुतिपाठकांनीं करावा.

आतां पूर्वपक्षाकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, थोरल्यानें धाकट्यास शिकविणें हेंच थोरल्याचें शिक्षण होय. आपल्या पंतोजींच्या शाळेंत हेंच चालत असे. खरें आहे. किंबहुना ह्या पद्धतीचा इतिहास आपल्या देशाशीं निगडित आहे. अँड्र्यू बेल ह्यानें मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेंत ती चालवून पाहिली व १७९७ सालीं तिचा वृत्तांत इंग्लंडांत छापला. पुढें तेथें जोसेफ लँकेस्टर प्रभृतींनीं तिचा मोठा फैलाव केला. एका गुरुजीच्या पगारांत शेंकडों मुलें शिकतात, म्हणून ती सर्वांस आवडली. पण मग झालें काय? जो मोठा मुलगा लहानांस पाढे शिकवीत होता, तो स्वतः पाढ्यांच्या पुढें जाईना. १८४६ सालीं इंग्लंडच्या सरकारनें त्या बालशिक्षकांच्या जागीं मोठ्या वयाचे उमेदवार शिक्षक नेमण्याची योजना केली; त्यांस वेतन ठरविलें, आणि गुरुजीनें त्यांस दररोज स्वतंत्र धडा दिलाच पाहिजे अशी अट घातली. ह्याचा अर्थ उघड आहे. शिकविल्यानें शिकलेलें पक्कें होतें हें खरें, पण न शिकलेलें त्यानें येत नाहीं. लहानांस शिकविणाऱ्या मुलास स्वतःचा गुरु व स्वतःचा वेळ हवा, ही गोष्ट इंग्लंडास पावणेदोनशें वर्षांपूर्वीं पटली होती. मेजाभोंवतींच्या शाळेंत ती अट कोण पाळतो?

दुसरा आक्षेप आमच्या अभिमानास हात घालणारा आहे. 'पंडिता रमाबाई कोणत्या शाळेंत गेल्या होत्या? सावित्रीबाईंस प्रथम कोणीं शिकविलें? रमाबाई रानड्यांचे गुरु कोण?' असें विचारलें जातें. प्रश्न रास्त आहेत आणि त्यांचें उत्तर आमच्याच बाजूचें आहे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें १८५८ सालीं जन्मलेल्या आपल्या रमेस. सावित्रीबाईंस जोतीरावांनीं घरीं शिकविलें, आणि रमाबाईंस न्यायमूर्तींनीं. हीं सर्व उदाहरणें उज्ज्वल आहेत. परंतु ह्या तिघी घरीं शिकल्या त्या शाळेपेक्षां घर बरें म्हणून नव्हे. बाहेरचें दार स्त्रियांस बंद होतें म्हणून घरांत दिवा लावावा लागला. आणि हातीं विद्या आल्यावर त्यांनीं काय केलें तें पाहा. सावित्रीबाई १८४८ सालीं पुण्यांत मुलींच्या शाळेंत शिकवावयास उभ्या राहिल्या. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढलें. रमाबाई रानड्यांनीं १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन उभें केलें. घरीं शिकलेल्या ह्या बायकांनीं आयुष्य वेंचलें तें दुसऱ्यांच्या मुलींस घराबाहेर आणण्यांत. घरच्या शिक्षणाची योग्यता त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? आणि त्याची मर्यादा तरी त्यांच्याहून अधिक कोणास जाणवली असणार?

तिसरा आक्षेप, शाळा वाईट आहेत, हा. ह्यावर आम्ही वाद घालीत नाहीं. आमचा जन्म शिकविण्यांत गेला, आणि ह्या धंद्याचे दोष आमच्याहून परक्यानें सांगावे असें नाहीं. घोकंपट्टी आहे, शिकवण्यांचा बाजार आहे, फीचा भार आहे, आणि वर्गांत शेवटच्या बांकावरच्या मुलाकडे वर्षभर कोणाचें लक्ष जात नाहीं, हेंहि आहे. एखादें मूल आजारी आहे, एखाद्यास अक्षरें उलटीं दिसतात, एखाद्यास सोबत्यांनीं छळून काढलें आहे. त्याला जे आईबाप घरीं आणून धीरानें शिकवितात, त्यांस आमचा नमस्कार असो. आपल्याकडे तशी वाटहि आहे. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याच्या दहाव्या कलमानें मुलास जवळच्या शाळेंत घालणें हें पालकांचें कर्तव्य ठरविलें, परंतु तें न केल्यास शिक्षा सांगितली नाहीं. १९८९ सालीं स्थापन झालेल्या मुक्त विद्यालयी संस्थेच्या परीक्षा आहेत, आणि महाराष्ट्रांत सतरा नंबरचा फॉर्म भरून मॅट्रिकीस बसण्याची सोय तर सर्वांस ठाऊक आहे. परंतु अशा आईबापांस आम्ही अपवाद म्हणतों. अपवाद हा औषधासारखा आहे; त्याची खानावळ काढूं नये.

'पण महाराष्ट्रांत आतां दहा मुलें आहेत कोठें?' असें कोणी विचारील. बरोबर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीप्रमाणें आपल्या राज्यांत एका स्त्रीस सरासरी १.७ मुलें होतात. तेव्हां आमच्या तरुण वाचकांस त्या संसाराचें मोठेपण घ्यावयाचें नाहीं. फक्त त्याचा हिशेब घ्यावयाचा आहे. तोच तर आम्हांस भीतिदायक वाटतो. एक मूल असो वा आठ असोत, 'घरीं शिकविणें स्वस्त पडतें' हें वाक्य खरें ठरण्यास एक शिकलेली बाई बिनपगारी व्हावी लागते. तिनें नोकरी सोडली ह्यास त्याग म्हणतात. त्याग म्हटला म्हणजे त्याची किंमत विचारण्याची सोय राहत नाहीं.

आणि ह्याहून मोठी एक गोष्ट आहे, जिच्यासाठीं आम्ही लेखणी हातीं घेतली. दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या वाटेस लागतात. त्यांच्याबरोबर दहा-बारा वर्षांच्या मुली जातात. आईबाप पहांटे फडांत गेले म्हणजे कोपीवर ती पोर राहते. भाकरी ती करते, पाणी ती आणते, धाकट्या भावास ती सांभाळते, आणि त्याला चार अक्षरें येत नसतील तर तिला येत असलेलीं तीच दाखविते. तिला आपण 'शाळाबाह्य' म्हणतों. तिच्यासाठीं वसतिगृहें काढा, हंगामी वर्ग काढा म्हणून सभांतून ठराव करतों, आणि तें योग्यच करतों. मग तेंच वय, तेंच काम, तोच कडेवरचा भाऊ, पण भिंतीस रंग आणि मेजावर ग्रंथालयाचीं पुस्तकें असलीं, कीं त्यास 'संस्कार' व 'स्वावलंबन' म्हणावयाचें, हें कोणतें तर्कशास्त्र? फरक आहे, तो आम्ही नाकबूल करीत नाहीं: एकीच्या घरीं दारिद्र्य आहे, दुसरीच्या घरीं व्रत आहे. पण व्रत आईबापांनीं घेतलेलें आहे. मुलीनें तें घेतलें काय, हें तिला कोणीं विचारलें आहे?

हा प्रश्न आमचा नवीन नाहीं. १९७२ सालीं विस्कॉन्सिन राज्य विरुद्ध योडर ह्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें असा निकाल दिला कीं, साधेपणानें राहणाऱ्या आमिश पंथाच्या आईबापांवर आठवीपुढें मुलांस शाळेंत घालण्याची सक्ति करतां येत नाहीं. त्या वेळीं न्यायमूर्ति डग्लस ह्यांनीं अंशतः भिन्न मत नोंदविलें. त्यांचें म्हणणें असें होतें कीं, येथें ज्याचें सबंध आयुष्य ठरावयाचें आहे त्या मुलाचें मत ऐकून घेतलें पाहिजे. निकाल आईबाप व सरकार ह्यांच्यामधील झाला. ज्याच्याविषयीं वाद तें मूल बाहेर उभें राहिलें. आमच्याकडील चर्चाहि त्याच वळणानें चालली आहे. एक पक्ष म्हणतो मूल आईबापांचें, दुसरा म्हणतो सरकारचें. तें स्वतःचें आहे असें म्हणणारा तिसरा पक्ष अजून निघावयाचा आहे.

घरच्या शाळेवर बंदी घाला, असें आम्ही म्हणत नाहीं. जर्मनींत तशी बंदी आहे, आणि ती आम्हांस अतिरेकाची वाटते. आमच्या मागण्या तीनच आहेत. पहिली, ज्या घरांत ही शाळा चालेल तेथें आईचे तास वहींत लिहिले जावेत, आणि त्यांतील निम्मे बापानें उचलावेत. गणित शिकविण्यास मिशांची आडकाठी येत नाहीं. दुसरी, थोरल्या मुलाचे, विशेषतः थोरल्या मुलीचे, स्वतःच्या अभ्यासाचे तास आधीं ठरावेत, आणि स्वयंपाक करपला तरी त्यांस हात लागूं नये. तिसरी, वर्षांतून एकदां तरी घरचा नव्हे असा एक जाणता मनुष्य प्रत्येक मुलास एकटें भेटावा, त्याचें काम पाहावा, आणि त्याला काय हवें आहे तें त्याच्याच तोंडून ऐकावा. ह्या तीन अटी पाळून जें घर चालेल त्याची काटकसर खरी, त्याची शाळा खरी, आणि त्याची स्तुति करणाऱ्यांत आमचा आवाज सर्वांहून मोठा असेल. ज्यास ह्या अटी जड वाटतील त्यानें एवढें ओळखावें कीं, त्याचें घर आजवर स्वस्तांत चाललें नव्हतें; त्याची उधारी मुलीच्या नांवावर चढत होती. उधारी ती आज ना उद्यां फेडावीच लागते, आणि फेडणारी ती एकटीच असते.